मागून घेतलेली

भिकाबाईंच्या नावाला कुणी हसलं की त्या आपणहून सांगायच्या, "आईची चार मुलं गेली होती. मी तरी जगावी म्हणून मला शेजारच्या हौसामावशीच्या पदरात टाकलं आणि भीक म्हणून परत मागून घेतलं."

वंशावळीच्या नादानं नातीनं घरातल्या सगळ्यांची डीएनए चाचणी केली. शेजारधर्म म्हणून हौसामावशीच्या थोरल्यानंही हौसेनं थुंकी दिली. निकाल आला. भिकाबाई आपल्या पाठच्या भावाच्या कुणीच नव्हत्या; शेजारच्या थोरल्याच्या मात्र सख्ख्या बहीण होत्या!

"यंत्राला काय कळतंय?" भाऊ म्हणाला. भिकाबाईंचं डोकं मात्र चालेना. घटकाभर परक्या पदरात पडलं, तर रक्त बदलतं होय?

नव्वदीची हौसामावशी ओसरीवर शेंगा फोडत होती. "मावशी, आईनं मला तुझ्या पदरात टाकून परत मागितलं होतं ना?"

मावशीचे हात थांबले. "तिचं पाचवंही जन्मतःच गेलं. माझ्या कुशीत चार दिवसांची तू. ती दारात पदर पसरून उभी राहिली. मागितलं होतं गं तिनं. टाकलं नव्हतं."