जादा तीन किलो

"शहाऐंशी," चारा छावणीचा काटा सांभाळणाऱ्या धुळाजीनं आकडा वाचला आणि मान खाली घातली.

शहादेव काट्यावरून उतरायलाच तयार होईना. आज शुक्रवार, दर आठवड्याच्या वजनाचा दिवस. सोमवारी दवाखान्यात पंच्याऐंशी भरायला हवं होतं. एका किलोनं घात केला होता. बायकोला, केशरबाईला, त्याला आपली किडनी द्यायची होती. रक्त जुळलं, तपासण्या जुळल्या, वजन तेवढं आडवं आलं. पंच्याऐंशीच्या वर गेलात तर ऑपरेशनची तारीख पुढं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तारीख पुढं ढकलायला केशरबाईच्या अंगात त्राण कुठं होतं? आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बीड गाठायचं, दिवसाला मोजून लिटरभर पाणी, पाय सुजून टम्म. आताही ती त्याच्या चपला हातात धरून अगदी त्याच्या पाठीमागं उभी होती.

शहादेव गावच्या दूध सोसायटीचा सचिव. दुष्काळ पडला तशी सोसायटीनं तेलगावच्या रस्त्याला चारा छावणी उघडली. दोनशे जनावरं. मोठ्याला पंधरा किलो वैरण, लहानाला साडेसात. त्यात मूठभरसुद्धा इकडचं तिकडं शहादेवनं होऊ दिलं नाही. एका व्यापाऱ्यानं ऊस मोजून देताना काट्याच्या कडेला हळूच पायाचा अंगठा टेकवला, तर यानं भरलेला ट्रॅक्टर माघारी धाडला होता. असा हा काट्याचा माणूस, आणि स्वतः मात्र पाच महिन्यांपूर्वी अठ्ठ्याण्णव किलोचा! छावणीतले बैल त्याच्यापुढं उपाशी दिसायचे.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं, आवडीचं काही सोडू नका, दिवसाच्या कॅलरी तेवढ्या ओलांडू नका. शहादेवच्या ते डोक्यावरून गेलं. केशरबाईला मात्र लगेच उमगलं. छावणीसारखंच की हे, म्हणाली, वैरण तीच, फक्त माप ठरलेलं. तिनं रेशन दुकानातला जुना तराजू मागून आणला आणि चुलीशेजारी मांडला. बाजरीच्या भाकरीचा उंडा तोलून, धपाटा तोलून, शेंगदाण्याची चटणी चमच्यानं. खव्यावर त्याचा भारी जीव, तर सुपारीएवढा खवा रोज ताटात असायचाच. पुरणाच्या दिवशी अर्धी पोळी, वर तुपाची धार, आणि त्या बदल्यात रात्रीची भाकरी निम्मी. पहिले पंधरा दिवस शहादेव लई कुरकुरला. मग कुरकुर थांबली. जिला स्वतःला मीठ मोजून, पाण्याचा घोट मोजून, ती आपल्याला खवा वाढतेय, हे ध्यानात आलं की त्याला भरून यायचं. ही बाई आपल्या वाट्याला आली, एवढ्यावरच आपलं भागलं, असं तो धुळाजीला सांगायचा.

शुक्रवारी घरी येऊन तो म्हणाला, दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढतो. केशरबाईनं मनावरच घेतलं नाही. उपाशी राहून आलेला माणूस त्या बाई तोंडाकडं बघून ओळखतात, म्हणाली, आणि नेहमीचा धपाटा पुढं ठेवला. ती इतकी निवांत होती की त्याला तिचा रागच आला. जीव हिचा टांगणीला आणि घोर मलाच, असं पुटपुटत त्यानं तो खाल्ला.

सोमवारी दवाखान्यातल्या काट्यावर तो डोळे मिटून चढला. नर्सनं आकडा लिहिला. ब्याऐंशी. त्याला खरं वाटेना. उतरून पुन्हा चढला. पुन्हा ब्याऐंशी. डॉक्टर खूश झाले, त्यांनी पाठ थोपटली आणि पुढच्याच गुरुवारची तारीख दिली.

दुसरा कुणी असता तर पेढे आणायला पळाला असता. शहादेव बाहेरच्या बाकावर येऊन बसला आणि त्याचा चेहरा पडला. चार किलोचा फरक. दोन दिवसांत काही चार किलो उतरत नाहीत. म्हणजे छावणीचा काटा खोटा. आहे त्याहून जास्त दाखवतो, म्हणजे पंधरा किलोमागं पाऊण किलो तरी वैरण कमी पडली. पाच महिने दोनशे मुक्या जनावरांच्या तोंडचा घास गेला, आणि आपण छाती काढून हिंडत राहिलो. आनंदाच्या दिवशी त्याला लाजेनं घाम फुटला. काटा आत्ताच्या आत्ता बंद कर, असं धुळाजीला सांगायला त्यानं फोन काढला.

केशरबाईनं तो हातातून काढून घेतला.

"काटा खरा हाय," ती म्हणाली. "माझा पाय व्हता त्याच्यावर."

मग तिनं सगळं सांगितलं. दर शुक्रवारी चपला धरायच्या निमित्तानं ती मागं उभी राहायची आणि एक पाय काट्याच्या कडेला टेकवायची. धुळाजीला दिसायचं, पण तिनं त्याला हात जोडले होते. शहादेवनं खाली पाहिलं. सुजेमुळं तिच्या पायात चपलेचा अंगठासुद्धा नीट जात नव्हता. व्यापाऱ्याच्या एका बोटासाठी ट्रॅक्टर परतवणाऱ्याला घरचा हा पाय पाच महिने दिसला नव्हता. त्याला हसू आलं आणि डोळेही भरले.

"कावून गं?" त्यानं विचारलं. "पंच्याऐंशीत भागत व्हतं की."

केशरबाईनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"पंच्याऐंशीत माझं भागत व्हतं," ती म्हणाली. "पर तुमाला आता एकाच किडनीवर माझ्यासंगं म्हातारं व्हायचंय. ते तीन किलो मी तुमच्यासाठी उतरवून घेतले."