सातवे भोक

डोळ्याला भिंग लावून हातवळणे घड्याळजींनी मागचे झाकण उघडले, आणि समोर बसलेले डॉ. उपाध्ये मनातल्या मनात निकाल लिहू लागले: बनावट. गुरुवर्यांचे म्हणून हे मनगटी घड्याळ गुरुबंधू कारखानीस तीस वर्षे मिरवत होता. आता तो ते संग्रहालयाला देणार होता, आणि ते अस्सल आहे का हे तपासण्याचे काम विश्वस्तांनी उपाध्यांकडे सोपवले होते. इतके गोड काम त्यांच्या विद्वत्तेला आजवर मिळाले नव्हते.

"खूण माझीच," झाकणाच्या आतला बारीक ओरखडा दाखवत म्हातारे घड्याळजी म्हणाले. "सरांचंच घड्याळ. शिष्याला द्यायचं म्हणून साफ करून घेतलं, आणि पट्ट्याला हे सातवं भोक पाडायला लावलं. म्हणाले, पोराचं मनगट काडीसारखं आहे, जीभ मात्र कात्रीसारखी."

कारखानीसचे मनगट पैलवानी होते. दुसऱ्या भोकाभोवतीचे चामडे झिजले होते. सातवे कोरे होते.

"कधीची गोष्ट?"

"तारीख कोरलीय की. मार्च ब्याण्णव."

त्याच एप्रिलमध्ये उपाध्यांनी गुरुवर्यांच्या ग्रंथाचे बारा पानी परीक्षण प्रसिद्ध केले होते, आणि त्यातली एकही चूक माफ केली नव्हती.

त्यांनी पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधला. सातव्या भोकात बकलाचा काटा अलगद बसला. मग तो सोडून त्यांनी अहवालात 'अस्सल' असे लिहिले, आणि 'घड्याळ कोणाला दिले' या रकान्यात, पुराव्यापलीकडे न जाण्याच्या जुन्या सवयीने, कारखानीसचे नाव घातले.