पुन्हा विकताना

"जनरेटर मागे चढवल्याशिवाय मी एकही गाडी चालवून बघणार नाही," ती म्हणाली.

जुन्या गाड्यांच्या दलालाने तिच्या वडिलांकडे बघितलं. "काका, तुम्ही तरी समजवा ताईंना. हौद्याला ओरखडे पडतील."

"कामाला घेतलेल्या गाडीला ओरखडे पडणारच," वडील म्हणाले. "वजन तिचं, गाडी तिची. मी फक्त खालून बघतो." आणि साठी उलटलेला तो माणूस खरोखरच वर्तमानपत्र अंथरून पहिल्या गाडीखाली सरकला. एकोणतीस वर्षं ट्रक चालवला होता त्यांनी. गाडीचं पोट बघितल्याशिवाय तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम.

ती वेल्डर होती. सात वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात जाळ्या आणि फाटकं जोडली, आणि गेल्या महिन्यात नोकरी सोडली. आता मशीन घेऊन लोकांच्या दारात जायचं, जिथलं काम तिथेच करायचं. पहिलं काम सोमवारी होतं, एका शाळेच्या जिन्याचा कठडा. त्याआधी छोटा पिकअप हवा होता. बाजारात तिच्या ऐपतीतले तीन उभे होते. राखाडी, पांढरा आणि निळा.

जनरेटर चढला, वेल्डिंगचं मशीन चढलं, वर दोन सिलिंडर बांधले. बाजारामागे एक उभा चढ होता. ती एकेक गाडी घेऊन तिथे गेली.

राखाडी दिसायला नवरीसारखी होती. अर्ध्या चढावर तिने मान टाकली. ब्रेक दाबून धरत, उलटं उतरावं लागलं.

पांढरी कुरकुरत चढली. दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात यावं लागलं, पण थांबली नाही.

निळी तिसऱ्या गिअरमध्येच वर गेली, मागे काही ठेवलंच नसावं तशी. ती खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"हीच," ती म्हणाली.

वडील निळीखाली शिरले, बऱ्याच वेळाने बाहेर आले. "गाडी एक नंबर आहे," त्यांनी कबूल केलं. मग दलालाला विचारलं, "पुन्हा विकताना काय येईल?"

सकाळपासून त्यांनी हा प्रश्न चौथ्यांदा विचारला होता.

दलालाने मान खाजवली. "तुमच्याशी खोटं नाही बोलत, काका. कंपनीने हे मॉडेल बंद केलंय. चालेल खूप वर्षं, पण पुढे घेणारा मिळायचा नाही. पांढरीचं तसं नाही. पाच वर्षांनी उभी करा, संध्याकाळपर्यंत जाईल."

"मग पांढरी," वडील म्हणाले.

तिच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. वडील हात धुवायला कोपऱ्यातल्या नळावर गेले, तशी ती त्यांच्या मागोमाग गेली.

"स्पष्ट बोला, बाबा. वर्षभरात मी हात टेकणार असं वाटतंय ना तुम्हाला? गाडी घ्यायच्या आधीच विकायला काढलीत!"

वडील बोटांमधलं काळं तेल चोळत राहिले.

"तू जन्मायच्या आधीची गोष्ट आहे," ते म्हणाले. "ट्रक नवा होता. असाच दणकट, असाच कुणाकडे नसलेला. मला एका संस्थेचं पत्र आलं. तलावांवर फिरून पक्षी मोजायचं काम. मी वाटेत वह्या भरायचो ना पक्ष्यांच्या, त्या त्यांना आवडल्या होत्या. पंधरा दिवसांत हजर व्हा म्हणाले."

तिने हे कधीच ऐकलं नव्हतं.

"घरातला सगळा पैसा त्या ट्रकमध्ये घातलेला. तो विकला तरच जाता येणार होतं. अठरा गिऱ्हाइकं आली. सगळी म्हणाली, गाडी झकास आहे, पण उद्या आमच्याकडून कोण घेणार? सोळाव्या दिवशी मी माल भरला आणि निघालो."

"मला वाटायचं, तुमचा ट्रकवर जीव होता."

"होता की. एवढी वर्षं सोबत काढल्यावर बसतोच. पण आधी अडकलो, मग जीव बसला." त्यांनी नळ बंद केला. "तू हात टेकशील असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण तू राहशील ती मनाने राहा. जाता येत नाही म्हणून राहू नकोस."

ती निळीपाशी गेली, तिच्या बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग दलालाकडे वळली.

"पांढरी. मागच्या दोन्ही स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवून द्यायचा. सामान माझं जड आहे. आणि उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची, सोमवारी मला काम आहे."

"ताई, उद्या कसं..."

"उद्या," वडील आणि ती एकदमच म्हणाले.

त्याला आता अकरा वर्षं झाली. पांढरीला तिने तीनदा रंग दिला, एकदा इंजिन उतरवलं. कामं इतकी वाढली, की हाताखाली दोघीजणी आहेत. दलालाचं म्हणणं खरं निघालं; वर्षातून एकदा तरी कुणीतरी गाडी थांबवून विचारतं, विकायची का? ती कधीच झटकन "नाही" म्हणत नाही. आकडा ऐकून घेते. एक दिवसाची मुदत मागते. तेवढ्या दिवसात ती खरोखर विचार करते. दुसऱ्या दिवशी "नाही" म्हणून कळवते, जनरेटर चढवते आणि कामाला निघते.