हातचे राखून

"तिसरं गणित?"

"चुकलं," नात म्हणाली.

आजोबांनी दुकानाच्या काउंटरवर पसरलेल्या प्रश्नपत्रिकेत तिसऱ्या गणितापुढे फुली मारली. काचेखाली चष्म्यांच्या फ्रेमा ओळीने मांडलेल्या होत्या. संध्याकाळ झाली होती, गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीत त्यांची लेक, म्हणजे नातीची आई, चहा करत होती.

आजोबांचा धंदा चष्म्यांचा, पण गल्लीत त्यांचं नाव पडलं होतं 'हवामान खातं'. कुणाचाही पेपर झाला की पोर प्रश्नपत्रिका घेऊन दुकानात हजर. काय काय लिहिलं ते पोराने सांगायचं. आजोबा मार्क धरणार, मागच्या साली कुठल्या कॉलेजचे प्रवेश कितीवर थांबले ते आठवणार आणि सांगून मोकळे होणार: इथे पक्का, तिथे शिष्यवृत्तीची आशा, अमक्याचं नावच काढू नकोस. खऱ्या हवामान खात्याने त्यांच्याकडे शिकवणी लावावी, असे अंदाज.

चुकले ते एकदाच. तेही घरच्याच पोरीच्या बाबतीत.

तेव्हा लेक आजच्या नातीएवढी होती. तिची आई नुकतीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. पेपर झाला की ती याच काउंटरशी येऊन बसायची, चहात बिस्किट बुडवायची आणि काय राहिलं, काय चुकलं ते एकेक सांगायची. दुःखाचे दिवस होते, तरी किती भरलेले वाटायचे! अजूनही काचा पुसायच्या स्पिरिटची बाटली उघडली की त्यांना तिच्या दोन वेण्या दिसत.

आजोबांची एक खोड होती. अंदाज सांगताना ते चार मार्क हातचे राखायचे. निकालाच्या दिवशी चार जास्त मिळाले की पोरं हरखतात, म्हणून. लेकीचेही त्यांनी राखले. आधीच आकडा बेताचा, त्यातून हे वजा. कॉलेजांचा पसंतीक्रम निकालाआधीच द्यावा लागे, मागून बदल नाही. दूरच्या मोठ्या कॉलेजात मार्कांवर शिष्यवृत्ती मिळायची, पण शिष्यवृत्तीशिवाय तिथला खर्च झेपणारा नव्हता. त्यांनी ते नाव खोडलं आणि गावातलं कॉलेज पहिलं घातलं.

निकाल लागला आणि लेक शाळेत पहिली आली! मोठ्या कॉलेजने तिला शिष्यवृत्तीसकट डोक्यावर घेतलं असतं.

ती एका शब्दाने बोलली नाही. इथेच शिकली, इथल्याच कॉलेजात गणित शिकवायला लागली, लग्नानंतरही दोन गल्ल्या सोडून राहिली. रोज बापाचा डबा घेऊन यायची. डबा उघडला की आजोबांना बरं वाटायचं आणि लगेच ते खोडलेलं नाव आठवायचं. सोन्यासारख्या पोरीचे पंख आपणच छाटले, हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नाही. हातचे राखणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं.

"चौथं?"

"अर्धंच झालं." नात फ्रेमांकडे बघत होती. "आजोबा, मी गेल्यावर दुकानाचं शटर कोण ओढणार? तुम्हाला आता जमत नाही."

"शटरचं मी बघतो, तू गणिताचं बघ. पाचवं?"

"तेही गेलं."

आजोबांनी बेरीज केली. परत केली. एक मार्क कापला नव्हता, तरी आकडा वर सरकेना. पसंतीक्रम उद्या द्यायचा होता आणि त्यात सगळ्यांत वर तेच दूरचं कॉलेज होतं, लेकीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. तिचं राहून गेलं ते पोरीला मिळावं, मग आपण डोळे मिटायला मोकळे, एवढंच मागणं होतं त्यांचं.

"काय म्हणतंय हवामान?" लेक चहा घेऊन आली.

"ढगाळ आहे गं." आजोबांनी प्रश्नपत्रिका तिच्याकडे सरकवली. "शिष्यवृत्तीचं कठीण दिसतंय. तुझंच कॉलेज वर घालू या."

"चालेल की!" नात पटकन म्हणाली.

लेकीने कप खाली ठेवले. प्रश्नपत्रिका उचलून एकेक फुली बघितली, मग पोरीकडे बघितलं. नातीने मान खाली घातली.

आजोबांनी पसंतीक्रमाचा कागद पुढे ओढून मोठ्या कॉलेजच्या नावावर पेन्सिल टेकवली. लेकीने ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

"खोडू नका, बाबा. हिची सगळी गणितं बरोबर आली असणार. तुम्हाला सोडून जावं लागू नये म्हणून चुकली म्हणतेय. मीही तुम्हाला असंच सांगायचे."