बुधवारची पाहुणी

फ्रीजच्या दारावर चिकटवलेला कागद तिने आधी सहज वाचला, मग नीट वाचला. डावीकडे तारखा, उजवीकडे आकडे. एकही दिवस सुटलेला नाही. अक्षर मोत्यासारखं.

"हे काय गं?" तिने विचारलं.

"गाडीचे किलोमीटर," मास्तरची बायको काकडी चिरता चिरता म्हणाली. "हे कंपनीच्या बसने जातात, गाडी घरी असते. संध्याकाळी आले की लिहून ठेवतात. सवय आहे त्यांना."

मास्तर म्हणजे तिच्या नवऱ्याचा कॉलेजातला मित्र. वर्गात सगळ्यांची हजेरी हाच ठेवायचा, म्हणून नाव पडलं ते पडलंच. आता दोघंही मित्र या परक्या देशात, दोन तासांच्या अंतरावर. मास्तरच्या लग्नाला दीड वर्ष झालं, तरी त्याच्या घरी येणं आज पहिल्यांदाच जमत होतं. दर वेळी त्याच्याकडूनच काहीतरी अडचण निघायची.

किलोमीटरची ही गोष्ट तिने आधी वाचली होती. दहा दिवसांपूर्वी, परदेशात राहणाऱ्या मराठी बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी नाव न देता विचारलं होतं, 'नवरा रोज गाडीचे किलोमीटर लिहून ठेवतो. दुकानात जाऊन यायला सहा होतात. सात झाले तर विचारतो. असं सगळ्यांकडे असतं का?' खाली सल्ल्यांचा पाऊस. काळजीपोटी करत असेल, म्हणे. गाडी तरी देतो ना, म्हणे. वाचून तिचं डोकंच फिरलं. ग्रुपवर तिचंही खरं नाव नव्हतं. तिने त्या बाईला एकटीलाच खाजगीत लिहिलं, सगळ्यांकडे नसतं. पासपोर्ट आणि चार कपडे एका पिशवीत भरून ठेव. हा माझा पत्ता. कधीही ये. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'बुधवारी येते. त्या दिवशी ते बाहेरगावी आहेत.'

तिने नळ जोरात सोडला आणि त्या आवाजाच्या आडून विचारलं, "बुधवार नक्की ना?"

सुरी थांबली. मास्तरची बायको वळली नाही, काकडीकडेच बघत राहिली.

"ताई, तो पत्ता तुमचा?"

"माझाच."

"पिशवी वॉशिंग मशीनच्या मागे आहे," मास्तरची बायको म्हणाली आणि एकदम हसली. हसताना केवढी लहान दिसली ती पोर! आपल्या हातून एक तरी काम धड होणार, असं वाटून ताईला भरून आलं. दोघींनी मिळून ताटं बाहेर नेली.

मास्तर यजमान म्हणून एक नंबर. कुणाच्या ग्लासातलं पाणी अर्ध्यावर आलं की याचा हात पुढे. बायकोच्या ताटातही लक्ष. "तुला तिखट सोसत नाही," म्हणाला आणि तिच्या पानातली मिरची स्वतः उचलली.

तिचा नवरा तसा राजा माणूस, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. पाहुणी येणार आणि का येणार, एवढं त्याला सांगणं भागच होतं. कुणाजवळ बोलू नकोस, असंही तिने दोनदा बजावलं होतं. पण मास्तर म्हणजे काय कुणी परका?

"लेका, आमच्या घराची धर्मशाळा झालीय," तो म्हणाला. "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. बुधवारी एक बाई बॅग घेऊन राहायला येणार आहे. कोण, कुठली, हिलाच ठाऊक नाही. इंटरनेटवर भेटली!"

तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"पाय काय देतेस? मास्तर घरचाच आहे." तो आणखी रंगात आला. "ऐक तर, तिचा नवरा म्हणे रोज गाडीचे किलोमीटर मोजतो. काय एकेक नग असतात बघ!"

कुणीच हसलं नाही. मास्तरने तोंडातला घास नीट चावून संपवला. पाणी प्यायला. तोंड पुसलं.

"बुधवारी?"

"हो, बुधवारी."

"माझं बुधवारचं जाणं रद्द झालंय," मास्तर बायकोला म्हणाला. "तुला सांगायचं राहूनच गेलं."

ताई उठून उभी राहिली. "चल गं," मास्तरच्या बायकोला म्हणाली. "आमच्याबरोबर चल. आत्ता. आहेस तशी."

मास्तरच्या बायकोने मास्तरकडे पाहिलं.

"कुठे, ताई?" ती म्हणाली. "काय बोलताय तुम्ही? मला काहीच कळेना." आणि भाताचं भांडं उचलून वाढायला लागली. निम्मा भात टेबलावर सांडत होता.

जेवण कसंबसं उरकलं. निघताना मास्तर बायकोच्या खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत आला. लख्ख ऊन होतं. शेजारचा माणूस गवत कापत होता, त्याने मान हलवून नमस्कार केला. तिच्या नवऱ्याचा चेहरा पार उतरला होता. आपण काय करून बसलो, ते त्याला आता कुठे उमगत होतं.

"पोचलात की कळवा, वहिनी," मास्तर आदबीने म्हणाला. "मलाच कळवा. हिचा फोन यापुढे माझ्याकडे असेल."

नवऱ्याने गाडी सुरू केली, आतून वाकून तिच्या बाजूचं दार उघडलं. ती बसली नाही.