खिंडीतली हाक

बर्फातल्या केसाळ रानमाणसाची फिल्म काढायला आलेली मंडळी दुपारी आमच्या तंबूत घोडीचं दूध पीत बसली होती. काल खिंडीत ठेवलेल्या यंत्रात त्याचा आवाज सापडला, असं त्यांचं म्हणणं.

"माझं गाढव असेल," मी म्हणालो. माझी वहिनी हसली.

काही वर्षांपूर्वी त्याच खिंडीत माझा थोरला भाऊ एसेनकुल हिमवादळात हरवला. आम्ही गडी त्याच्या नावाने ओरडत होतो. आम्हा किर्गिझांत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वहिनी नुसती कढई बडवत राहिली.

"भाऊजी, तेव्हा एकदा नाव घ्यायला हवं होतं," ती अजून म्हणते. "माझ्या आवाजाला आले असते."

पाहुण्यांनी यंत्र लावलं. आधी वारा ऐकू आला. मग एका बाईने दोनदा हाक मारली. "एसेनकुल. एसेनकुल."

आवाज वहिनीचा होता.

तिच्या हातातला वाडगा कलंडला. "भाऊजी, मी तर कधीच..."

यंत्रातला वारा थांबला. अगदी जवळून दादा म्हणाला, "आलो."

वहिनी उठून बाहेर गेली. वाऱ्यात खिंडीकडे तोंड करून तिने आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं. दोनदा.

वारा थांबला.