बिनवासाचा एप्रन

मुलीने तीनदा बेल वाजवली, तेव्हा कुठे आईने दार उघडलं.

"तू होय? मला वाटलं, शेजारचं कोणी आलंय." आईने तिच्या हातातला कारखान्याचा एप्रन घेतला. "एरवी तू जिना चढतानाच कळतं मला."

"आज नाही ना कळलं? तेच तर सांगायचंय." मुलीला कधी एकदा सांगते असं झालं होतं. चार वर्षं ती या दिवसासाठी झटली होती. "सॉल्व्हंटची पिंपं आज कायमची गेली, आई."

"मग आता औषध कशात करणार?"

"पाण्यात. औषधाचे रेणू डावे-उजवे असतात, हातमोज्यांसारखे. गुण येतो तो उजव्यांनीच. बाबांच्या वेळेपासून दोन्ही निघायचे आणि निम्मा माल फेकावा लागायचा. आता कोमट पाण्यात एन्झाइम घालायचं आणि खालून हायड्रोजनचे बुडबुडे सोडायचे. नुसते उजवेच तयार होतात."

"आणि तो वास?"

"गेला. औषधालासुद्धा उरला नाही."

आई खूश होईल याची तिला खात्रीच होती. या वासावरून आईने बाबांना जन्मभर धारेवर धरलं होतं. अंघोळ केल्याशिवाय कधी जेवायला बसू दिलं नव्हतं. बाबा गेले आणि मुलगी त्यांच्याच विभागात लागली, तेव्हा तर आईने कपाळावर हात मारून घेतला होता.

आईने एप्रन उलगडून कॉलर नाकाशी नेली. मग बाही. मग खिसा उलटा करून तोही हुंगला. मुलीला आधी हसू आलं, मग येईना.

"बाबा हवे होते गं आज," मुलगी म्हणाली.

"चांगलं केलंस. तुझ्या छातीत तरी नको जायला ते."

धुवायचा एप्रन दोन-दोन दिवस दारामागे लटकत असे. कितीही सांगा, आई तो लगेच भिजवत नसे. गुडघे दुखतात म्हणे. आज तिने तो तसाच नेऊन बादलीत टाकला आणि नळ सोडला.

"इतकी वर्षं संध्याकाळी तुम्ही दोघं घरी यायचात," ती पाठमोरीच म्हणाली. "आज तू एकटीच आलीस."